पुन्हा ओपीडीत

मार्च २०२० मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर यांनी डॉक्टरांच्या नोंदवहीत आपलं नाव पुन्हा चढवलं. वडील अशोक वराडकर मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे, स्वतः डॉक्टर. आई मिरियम आयरिश, पेशाने नर्स. लिओ डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून २००३ साली डॉक्टर झाले, २०१० साली जीपी, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत फॅमिली डॉक्टर झाले आणि राजकारणात पुरते गुंतल्यावर २०१३ साली त्यांनी नोंदवहीतून नाव काढून घेतलं. करोना आला तेव्हा या गोष्टीला सात वर्षं होत आली होती. बातमी सिंधुदुर्गात पोचली आणि कौतुकाला भरतं आलं. डिसेंबर २०१९ मध्येच ते वराडला येऊन गेले होते, त्यामुळे गावाच्या लेखी तो घरचाच मुलगा.

त्या कौतुकात एक तपशील बाजूला पडला. तिथल्या आरोग्यसेवेने त्यांना काम कोणतं दिलं? आठवड्यातून एक सत्र, आणि तेही फोनवर. विषाणूच्या संपर्कात आल्याची शंका असलेल्या लोकांशी बोलायचं, लक्षणं विचारायची, कुणाला तपासणीला पाठवायचं ते ठरवायचं. पंतप्रधान आहेत म्हणून कुणी त्यांना अतिदक्षता विभागात उभं केलं नाही, आणि त्यांनीही तसा हट्ट धरल्याचं दिसत नाही.

हाच हिशेब त्या काळात आणखी दोन ठिकाणी दिसतो. ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल काउन्सिलने मार्च २०२० च्या अखेरीस अकरा हजारांवर डॉक्टरांना तात्पुरती नोंदणी बहाल केली. त्यात पहिल्यांदा कोण? ज्यांना काम सोडून तीन वर्षं झाली नव्हती, ते. त्याआधी सोडलेल्यांचा विचार नंतर झाला. आपल्याकडे एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, जनरल बिपिन रावत यांनी पंतप्रधानांना सांगितलेली व्यवस्थाही अशीच होती. सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेतून मागच्या दोन वर्षांत निवृत्त झालेल्यांना राहत्या ठिकाणाजवळच्या कोविड केंद्रात बोलावायचं. त्याआधी निवृत्त झालेल्यांना हेल्पलाइनवर सल्ला देण्याची विनंती करायची. डब्लिन, लंडन आणि दिल्ली यांनी एकमेकांना विचारून हे ठरवलं नव्हतं. तिघांनाही एकच गोष्ट ठाऊक होती. खंड पडलेला डॉक्टर हा डॉक्टरच असतो, पण कुठल्या खोलीत बसवायचा ते खंड किती वर्षांचा आहे यावर ठरतं.

साथ नसते तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नाही. या प्रकरणाचा विषय तो आहे.

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याच्या रस्त्याला लागून चौक्याचा घाट ओलांडला की फुलंब्री येतं. तालुक्याचं गाव. ग्रामीण रुग्णालय आहे, खासगी दवाखाने आहेत, आणि अवघड पेशंट असला की ‘घाटीला न्या’ हे वाक्य आहे. घाटी म्हणजे संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, १९५६ सालचं. तालुक्यात कापूस, मका, आलं. त्यामुळे ओपीडीत येणारा माणूस बहुधा शेतातून आलेला असतो आणि दुखणं अंगावर काढून आलेला असतो. अंग मोडून आलंय, लेकराला हगवण लागलीय, छातीत कळ येऊ राहिली, फवारणी करता करता चक्कर आली. पावसाळ्यात कुणाला तरी पान लागलेलं असतं. सापाचं नाव तोंडावर आणायचं नाही म्हणून ‘पान लागलं’.

समजा अशा ठिकाणी एखादी डॉक्टर परत काम सुरू करते आहे. घाटीतून एमबीबीएस, मग पाच-सहा वर्षं दवाखाना, मग २००८ च्या आसपास सगळं बंद. कारणं आपल्याला पाठ आहेत: मूल, सासऱ्यांचं आजारपण, नवऱ्याची बदली. आता मुलं कॉलेजात गेली, घर रिकामं झालं, आणि गावात बायकांना तपासायला ‘मॅडम’ हव्या आहेत. माणूस खोटा, उदाहरण खरं. अशा किती जणी आहेत ते मोजायला कुणी बसलेलं नाही, पण डॉक्टर मंडळींच्या कुठल्याही लग्नाला जा, एका टेबलावर दोन तरी भेटतात.

त्यांना भीती कशाची वाटते ते विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: सगळं विसरले असेन. मला वाटतं, ही भीती चुकीच्या जागी आहे.

विसरलेल्या गोष्टीने सहसा पेशंट मरत नाही. डोस आठवत नसेल तर डॉक्टर पुस्तक उघडतो, फोन करतो, पेशंट पुढे पाठवतो. विसरल्याची जाणीव हीच तिथे राखण करते. धोका असतो तो पक्कं आठवणाऱ्या, पण दरम्यानच्या काळात बदललेल्या गोष्टींचा. तिथे पुस्तक उघडावंसं वाटतच नाही.

सर्पदंशाचंच घ्या. आपल्या डॉक्टरने शिकताना पाहिलेलं असतं की प्रतिविष द्यायच्या आधी कातडीखाली थोडंसं टोचून ‘टेस्ट डोस’ द्यायचा, रिअॅक्शन येते का ते बघायचं, मगच पुढे जायचं. सावधपणाची गोष्ट वाटते, म्हणून मनात घट्ट बसते. पण या चाचणीने रिअॅक्शन येणार की नाही ते कळत नाही. वेळ मात्र जातो, आणि तेवढ्यानेही काही जणांना त्रास होऊ शकतो. २००९ च्या राष्ट्रीय उपचारपद्धतीने टेस्ट डोस देऊ नये असं स्पष्ट सांगितलं. आता पद्धत अशी. रक्त गोठण्यावर परिणाम झाला आहे का ते पाहायला दोन मिलिलीटर ताजं रक्त काचेच्या नव्या, स्वच्छ, कोरड्या नळीत घ्यायचं आणि वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. नळी प्लास्टिकची नको, साबणाने धुतलेलीही नको, कारण दोन्हींमुळे रक्त गोठायला वेळ लागतो आणि उत्तर चुकतं. वीस मिनिटांनी नळी एकदाच तिरपी करायची. रक्त वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात भिनलंय असं धरून चालायचं. नाग किंवा मण्यार असेल तर ही नळी काही सांगणार नाही. तिथे पापण्यांकडे बघायचं, त्या जड होऊन खाली आल्या आहेत का, गिळताना त्रास होतोय का. विषबाधेची लक्षणं दिसली की प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाइनमधून तासाभरात. मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने मूल लहान म्हणून विष कमी सोडलेलं नसतं. अॅड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून शेजारी ठेवायचं. अंगावर पित्त उठलं, खोकला सुटला, रक्तदाब खाली आला की थांबायचं, मांडीत अॅड्रिनॅलिन द्यायचं, माणूस सावरला की प्रतिविष पुन्हा सुरू.

यात एकही गोष्ट बुद्धीला अवघड नाही. अवघड एवढंच की मुलाला अर्धा डोस द्यायचा ही सवय हाताला इतर प्रत्येक औषधाने लावलेली असते, आणि इथे ती मोडायची असते.

विंचवाची गोष्ट आणखी जवळची. विंचूदंशात हृदयावर येणारा ताण प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने उतरवता येतो, हे डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडच्या परिसरात काम करताना दाखवलं. ‘लॅन्सेट’मध्ये ते १९८६ साली आलं. बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, म्हणजे फुलंब्रीहून फार दूरचे नव्हेत. त्यांची ही गोळी मराठवाड्यातल्या डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीला तोंडपाठ आहे. मात्र २०११ साली बावस्कर दांपत्यानेच ‘बीएमजे’मध्ये दाखवून दिलं की नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिन आणि विंचवाचं प्रतिविष मिळून दिलं तर माणूस लवकर सावरतो. ज्या माणसाचा शोध आपण पाठ केला, त्याच माणसाने तो पुढे नेला, आणि आपण तेव्हा घरी होतो.

बाकीच्या बदलांवरून भराभर जाऊ. बेशुद्ध पडून श्वास थांबलेल्या माणसाला आधी श्वास द्यायचा असं शिकलेल्यांनी २०१० नंतर आधी छाती दाबायला सुरुवात केली: मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, तीस दाबांमागे दोन श्वास. हगवणीचं ओआरएस २००२ पासून कमी क्षाराचं झालं आणि २००४ पासून जोडीला झिंक आलं, सुरुवातीचे दोन दिवस नव्हे, चौदा दिवस. क्षयरोगाची दिवसाआड गोळ्यांची पद्धत २०१७ मध्ये गेली, आता रोज, वजनाप्रमाणे. मेंदूज्वरापर्यंत जाणाऱ्या फाल्सिपेरम हिवतापाला क्लोरोक्विन देणं २०१० च्या राष्ट्रीय धोरणाने बंद करून आर्टेमिसिनिनची जोडगोळी आणली. पिसाळलेल्या कुत्र्याची पोटातली चौदा इंजेक्शनं तर आता फक्त म्हाताऱ्यांच्या गप्पांत उरली आहेत. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ मध्ये मनाई झाली. त्याआधीची कोणतीही चिठ्ठी काढून बघा, तापाच्या पोराला ते सर्रास लिहिलेलं असे. सर्दीच्या पातळ औषधातली एक नेहमीची जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं डिसेंबर २०२३ मध्ये ठरलं.

मधुमेहावर मात्र थांबायला हवं, कारण तिथला सापळा वेगळा आहे. डापाग्लिफ्लोझिन हे औषध साखर लघवीवाटे बाहेर टाकतं. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याचं पेटंट संपलं आणि डझनांनी कंपन्यांची स्वस्त गोळी बाजारात आली, ती तालुक्याच्या मेडिकलपर्यंत पोचली. औषध चांगलं आहे, हृदयाला आणि किडनीलाही फायद्याचं आहे. पण ते घेणारा माणूस उलट्या करत, धापा टाकत आला, दोन दिवस जेवलेला नसला, तर त्याच्या रक्तात आम्ल साचलेलं असू शकतं, आणि साखर मात्र १८० च दिसते. जुन्या शिक्षणात हे आम्ल म्हणजे साखर चारशे-पाचशेच्या घरात, असं समीकरण पक्कं बसलेलं. ग्लुकोमीटरवर १८० बघून डॉक्टर निर्धास्त होते, पित्ताची गोळी देते आणि पेशंटला घरी पाठवते. पुस्तकात तिने चूक काहीच केलेली नसते; तिचं पुस्तक फक्त २००५ सालचं असतं.

कायद्यातही अशीच जागा आहे, आणि ती मला औषधांपेक्षा जास्त बोचते. सोळा वर्षांची विवाहित मुलगी, दिवस गेलेले, सोबत सासू. मराठवाड्यात हे दृश्य नवं नाही. २००८ साली डॉक्टर तिला लोहाच्या गोळ्या लिहून देत, सासूला दोन शब्द सुनावत, आणि विषय संपत असे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने हे बदललं. अठरा वर्षांखालच्या मुलीवरचा लैंगिक अत्याचार कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा. आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्नी अठराच्या आतली असेल तर नवऱ्याला मिळणारी सूटही काढून घेतली. म्हणजे आता तीच मुलगी, तीच सासू, तेच दुखणं, पण डॉक्टरच्या समोर पेशंटबरोबर एक ठाणंही बसलेलं आहे. कळवलं तर हे कुटुंब पुन्हा दवाखान्यात येईल का, मुलगी बाळंतपणासाठी कुठे जाईल, हे प्रश्न कायद्याने सोडवलेले नाहीत. नियमित काम करणारे डॉक्टर यातून कसाबसा मार्ग काढायला शिकले आहेत. परतणाऱ्या डॉक्टरला हा प्रश्न आहे हेच माहीत नसतं.

उलट टिकतं काय? पेशंटशी बोलणं टिकतं. ‘किती दिवसांपासून’ विचारल्यावर ‘लई दिवस’ असं उत्तर आलं की मागच्या पोळ्याच्या आधीपासून की नंतर, असं विचारायचं, हे टिकतं. माणूस दारातून आत येताना त्याच्याकडे बघून हा आजारी आहे, हा खरंच आजारी आहे, आणि याला आधी घ्यायला हवं, असा भेद करणारी नजर टिकते. नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्लीहून मुंबईला निघालेल्या विमानात एका प्रवाशाला घाम फुटून चक्कर आली. त्याच विमानात संभाजीनगरचे डॉ. भागवत कराड होते. बालशल्यचिकित्सक, शहराचे माजी महापौर, आणि तेव्हा केंद्रात अर्थ राज्यमंत्री. त्यांनी उठून त्याचे पाय वर घेतले, ग्लुकोज दिलं, माणूस सावरला. पंतप्रधानांनी ट्विट केलं, बातमी गाजली. मला त्यात कौतुकापेक्षा एक वैद्यकीय निरीक्षण दिसतं. त्या वेळी लागलेलं ज्ञान पहिल्या वर्षांत शिकवलं जाणारं होतं, तेच सगळ्यात खोल रुजतं. विमानात मुलाच्या आतड्याचं ऑपरेशन करायची वेळ आली असती तर गोष्ट निराळी.

हाताचं कौशल्य मधल्या पायरीवर असतं. छाती दाबण्याचं प्रशिक्षण घेतलेल्यांची कामगिरी सराव नसेल तर काही महिन्यांतच घसरू लागते, हे वारंवार दिसून आलेलं आहे. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेजांच्या अकादमीने २०१२ च्या आपल्या सल्ल्यात खंडाची रेषा तीन महिन्यांवर धरली. तेवढे दिवस बाहेर राहिलेल्याशी परतीबद्दल रीतसर बोलणं व्हावं असं म्हटलं. तीन महिने म्हणजे आपल्याकडे बाळंतपणाची रजासुद्धा नव्हे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत दोन वर्षं ही रेषा धरतात. विहिरीत शिकलेला माणूस पोहणं विसरत नाही म्हणतात ते खरं, पण इतक्या वर्षांनी उडी मारायच्या आधी पाणी किती खाली गेलंय ते वाकून बघावं लागतं. मराठवाड्यात तर नक्कीच.

आपल्याकडे वाकून बघायची सोय काय आहे? महाराष्ट्र वैद्यक परिषद १९६५ च्या कायद्याखाली चालते. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, आणि त्यासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट तास. हे तास परिषदा, व्याख्यानं, कार्यशाळांतून मिळतात. त्यातल्या काही खरोखर उत्तम असतात. काहींमध्ये जेवण उत्तम असतं. मुद्दा असा की तास मोजले जातात, पेशंट मोजले जात नाहीत. दहा वर्षांत एकाही माणसाची नाडी न धरता सभागृहात बसून नोंदणी जिवंत ठेवता येते, आणि दुसऱ्या दिवशी पाटी लावता येते. याच्या उलट टोकाला ब्रिटन: तिथे २०१२ च्या डिसेंबरपासून प्रत्येक डॉक्टरला दर पाच वर्षांनी आपण कामास योग्य आहोत हे दाखवावं लागतं, आणि दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलेल्या फॅमिली डॉक्टरला आधी चाचणी, मग कुणाच्या तरी देखरेखीखाली काम. कागदपत्रांचा जाच तिथले डॉक्टर मनापासून शिव्या देत सोसतात. पण ‘मी कुठून सुरू करू?’ या प्रश्नाला तिथे एक पत्ता आहे. आपल्याकडे संशोधनातून खंड घेतलेल्या महिलांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ पासून खास योजना चालवली. प्रयोगशाळेत परतणारीसाठी दार केलं, ओपीडीत परतणारीसाठी नाही. याचं समर्थन मला कुठे सापडत नाही.

इथे ‘मॅडम’ या विषयावर दोन गोष्टी बोलायलाच हव्यात. तालुक्याच्या गावात डॉक्टर दांपत्याचं हॉस्पिटल असतं. पाटीवर दोघांची नावं, दोघांच्या पदव्या. आत गेलं की साहेब तपासत असतात आणि मॅडम काउंटरच्या मागे बिलं, औषधांची मागणी, कंपाउंडरच्या सुट्ट्या आणि स्वच्छतागृहाच्या नळाची तक्रार बघत असतात. याला ‘मॅनेजमेंट सांभाळते’ म्हणतात. ही खंडाची सगळ्यात फसवी जात आहे, कारण ती कुणालाच खंड वाटत नाही, तिलाही नाही. रोज दवाखान्यात जाते, रोज अॅप्रन आहे, फक्त स्टेथोस्कोप नाही. दहा वर्षांनी साहेब आजारी पडतात आणि मॅडमना खुर्चीत बसावं लागतं, तेव्हा कळतं.

दुसरी अशीच जात सरकारी. तालुका आरोग्य अधिकारी हा डॉक्टरच असतो, पण त्याचा दिवस लसीकरणाचे आकडे, साथीचे अहवाल, व्हिडिओ कॉन्फरन्स आणि जिल्हा परिषदेच्या बैठका यांत जातो. ते कामही महत्त्वाचंच आहे. गावात गोवर पसरू न देणं हे गोवराच्या पेशंटला औषध देण्यापेक्षा मोठं. पण निवृत्तीनंतर हाच माणूस दवाखाना थाटतो तेव्हा गावाला वाटतं, तीस वर्षांचा अनुभव. अनुभव तीस वर्षांचा असतो, पण बहुतेक कशाचा?

आणि तिसरी जात तर पंचविशीतली. एमबीबीएस, इंटर्नशिप संपली, आणि मुलगा नीट-पीजीच्या तयारीला अभ्यासिकेत जाऊन बसला. दोनशे प्रश्न, साडेतीन तास, आठशे गुण. पहिल्या वर्षी हवी ती शाखा मिळाली नाही, दुसऱ्या वर्षी पुन्हा, तिसऱ्या वर्षी पुन्हा. डापाग्लिफ्लोझिनने साखर न वाढता आम्ल साचतं, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगेल, कारण त्यावर प्रश्न येतो. पण मागच्या तीन वर्षांत त्याने कुणाच्या पोटावर हात ठेवलेला नाही. आपली घरी बसलेली डॉक्टर आणि हा अभ्यासिकेतला पोरगा हे एकाच आजाराचे उलटे पेशंट आहेत. तिचे हात मुरलेले आणि माहिती शिळी. याची माहिती ताजी आणि हात कोरे. व्यवस्था मात्र त्याच्या तीन वर्षांना तयारी म्हणते आणि तिच्या वर्षांना गॅप.

काही जण परततच नाहीत, हेही नोंदवायला हवं. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी पूर्णवेळ रंगभूमी धरली आणि वैद्यकाकडे पाठ फिरवली ती फिरवली. मराठी नाटकाचा फायदा झाला, सर्जरीचा तोटा किती झाला ते कुणी विचारलं नाही. परतणं हे कर्तव्य नव्हे. ज्याला परतायचं आहे त्याला वाट असावी, एवढीच मागणी.

ती वाट फुलंब्रीसारख्या ठिकाणी असावी असं मला वाटतं, आणि त्यामागे गावाबद्दलची माया नाही, हिशेब आहे. ग्रामीण रुग्णालय म्हणजे साधारण तीस खाटा. घाटीसारख्या मोठ्या रुग्णालयात निवासी डॉक्टरांची रांग असते. परतलेल्या चाळिशीतल्या बाईला तिथे कोपऱ्यात उभं राहून बघावं लागेल, आणि बघून हात परत येत नाही. एकट्याच्या खासगी दवाखान्यात उलट अडचण: तिथे चुकलं तर पकडणारं कुणी नाही. ग्रामीण रुग्णालयात ताप, हगवण, बाळंतपण, दमा, मधुमेह, पान लागलेला, विष प्यालेला, सगळं येतं, पण एका वेळी झेपेल इतकं येतं. वर वैद्यकीय अधीक्षक असतात, आणि झेपलं नाही तर १०८ ची गाडी आणि तासाभरावर घाटी. विशेषज्ञांची पदं भरली न जाणं हे राज्यातल्या ग्रामीण रुग्णालयांचं जुनं दुखणं आहे. तिथे महिना-दोन महिने देखरेखीखाली काम करायला पदवी आणि नोंदणी असलेला माणूस आपणहून तयार असेल, तर त्याला मानधन देऊनही सरकारचा तोटा होणार नाही. एमबीबीएस झालेल्यांना शासन वर्षभराची सक्तीची सेवा लावतंच, नाही केली तर दहा लाख रुपयांचा दंड. सक्तीसाठी जागा निघते, तर हौसेने येणाऱ्यासाठीही निघावी.

फोनवरून सुरुवात करणं हा दुसरा मार्ग. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे नियम आले, एप्रिलमध्ये ई-संजीवनीची ओपीडी सुरू झाली, त्यामुळे घरातून, पदर खोचून का होईना, पेशंट बघता येऊ लागले. वराडकरांना दिलेलं काम याच जातीचं. जगभर ते सोपं समजून परतणाऱ्यांना दिलं जातं, आणि मला ते पूर्ण पटत नाही. फोनवर पोट दाबता येत नाही, ओठ निळे पडलेत का ते कळत नाही, सासू बोलते आणि सून गप्प असते. तिथे एकच गोष्ट उपयोगी पडते: हे फोनवरचं नाही, आत्ता गाडीत घाला, हे ओळखण्याची समज. ती समज परतणाऱ्यांकडे असते म्हणून ही व्यवस्था चालते, काम सोपं आहे म्हणून नव्हे.

परतलेल्यांकडून ऐकलं तर कौशल्यं परत यायचा एक क्रमच दिसतो. बोलणं पहिल्याच दिवशी येतं. स्टेथोस्कोपचे आवाज आठवडाभरात. सुरुवातीला प्रत्येक हृदयात काहीतरी खरखर ऐकू येते, मग ती आपोआप थांबते. औषधांची नावं महिनाभर छळतात, कारण औषध तेच असतं आणि कंपनीचं नाव बदललेलं. टाके घालणं, बाळंतपण धरणं याला पेशंटच्या संख्येवर वेळ लागतो. सगळ्यात शेवटी येतं ते जुलाबाने सुकलेल्या सहा महिन्यांच्या बाळाची शीर सापडणं. ते शिकवायला कुठल्याही परिषदेत तास नाही. वॉर्डात ते सगळ्यात चांगलं येतं ते जुन्या सिस्टरला, आणि ती शिकवते उभ्याउभ्या, बाळाचा पंजा वाकवून धरत, मॅडम, सुई अजून आडवी धरा, असं म्हणत.